लॅपटॉपची ग्राफिक्स चिप घरी हीट गनने तापवून दुरुस्त होते का?

स्क्रीनवर रेघा आल्या म्हणून लगेच हीट गन हातात घेऊ नका. आधी एचडीएमआय केबलने टीव्ही जोडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ असेल तर दोष बहुधा डिस्प्लेचा किंवा त्याच्या केबलचा. दोन्हीकडे रेघा असतील तर बॅटरीची पिन काढून फॅनपुढची जाळी बघा, धुळीचा थर गोधडीसारखा बसलेला असतो. तो काढा. चिपवरची, तिची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट खडूसारखी वाळली असेल तर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी लावा.

चिप तापवल्यावर लॅपटॉप चालू झाला तरी भरवसा ठेवू नका. बोर्डावरचं शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळायला लागतं, पण निखळलेले असतात ते बहुतेकदा चिपच्या आतले बारीक जोड. ते उष्णतेने तात्पुरते टेकतात आणि पुन्हा सुटतात. म्हणून रीबॉलिंगही, म्हणजे चिपखालचे सोल्डरचे गोळे नव्याने बसवणंही, तिथे फुकट जातं. नाशिकमध्ये एम. जी. रोडला दुरुस्तीला टाकणार असाल तर चिप नवी बसवणार का, हे आधी विचारा.