एकटीचं ताट

बँकेच्या तपासणी खात्यात नोकरी झाली. आज या शाखेत, उद्या त्या शाखेत असं तालुक्यांच्या गावी फिरणं, लॉजवर राहणं आणि बाहेर जेवणं हेच वर्षानुवर्षं चाललं. म्हणून या वेळी संपादकांनी प्रवासातल्या जेवणाबद्दल आलेली पत्रं माझ्याकडे दिली. त्यातली तीन घेते आहे.

प्रश्न : मी 36 वर्षांची आहे. शाळांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या कंपनीत काम करते. मराठवाड्यात सतत फिरती असते. दिवसभर मुख्याध्यापकांशी बोलताना काही वाटत नाही, पण रात्री हॉटेलात एकटीनं जाऊन बसायचं म्हटलं की पाय अडतो. वेटर "अजून कोणी येणार आहे का?" म्हणून विचारतो आणि आतल्या फॅमिली रूममध्ये नेऊन बसवतो. लोक बघतात ते वेगळंच. शेवटी खोलीवर केळी आणि बिस्किटं खाऊन झोपते. नवरा म्हणतो, पार्सल मागवत जा. तुम्ही काय करायचात? (एक वाचक, लातूर)

उत्तर : पार्सल नको. गार झालेल्या पोळ्या, पिशवीत गाठ मारून दिलेली डाळ आणि पलंगावर पसरलेला पेपर, दिवसभर राबलेल्या माणसाचं जेवण असं नसावं. दुसरं म्हणजे, रात्री नऊ वाजता अनोळखी माणूस तुमच्या खोलीच्या दारापर्यंत येणार, त्यापेक्षा तुम्ही साडेसातला उजेडात, चारचौघांत जाऊन जेवलेलं केव्हाही बरं. कधी मागवायचीच वेळ आली तर खाली काउंटरवर ठेवायला सांगा. खोलीचा नंबर सांगू नका.

तुमचा पाय अडतो यात तुमच्या स्वभावाचा काही दोष मला दिसत नाही. हॉटेल निवडण्यात गडबड होते आहे. मेनूकार्डाचं हॉटेल चौघांच्या हिशेबानं चालतं. एक भाजी एकट्या माणसाला संपत नाही, डाळ वेगळी, भात वेगळा, टेबल सहा जणांचं. तिथे कोणीही एकटं माणूस अवघडतंच, पुरुषसुद्धा. थाळी, राइस प्लेट, मेस, खानावळ यांचं तसं नाही. ही सगळी सोय मुळी एकट्या माणसासाठीच झाली. एक माणूस, एक ताट, ठरलेला भाव. सोबत कोण आहे, कोण नाही, हा प्रश्नच तिथे येत नाही.

मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार बिऱ्हाड गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीनं राहायचे. त्यांच्या जेवणाची सोय खानावळवाल्या बायकांनी केली. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच चुलीवर, गिरणीच्या पाळ्यांच्या वेळा सांभाळून. महिन्याचे पैसे हाती पडेपर्यंत वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज त्यांच्या डोक्यावर असायचं. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली. मी बँकेतली, त्यामुळे ही हकीकत मला फार जवळची आहे. एकट्यादुकट्या पुरुषांना वर्षानुवर्षं जेवू घातलं ते बायकांनी. मग बाई एकटी ताटावर बसली तर तिला कोणी का विचारावं, की अजून कोण येणार आहे?

आता रोजच्या उपयोगाचं. कुठे जेवायचं हे लॉजच्या मॅनेजरला विचारू नका, तो ओळखीच्या हॉटेलात पाठवतो. ज्या शाळेत कामाला गेलात तिथल्या शिपायांना आणि बाईंना विचारा. कुठे तेल चांगलं वापरतात, कुठे रात्री बायका-मुलं येतात, कुठला रस्ता आठनंतर सामसूम होतो, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. मी शाखेतल्या शिपायाला विचारायची. त्यांनी सांगितलेल्या ठिकाणी सहसा पोटभर आणि निर्धास्त जेवण झालं.

पाटी नीट वाचा. 'फॅमिली रेस्टॉरंट'च्या खाली बारीक अक्षरात 'परमिट रूम' असेल तर तिथे दुपारी जायला हरकत नाही. रात्री मी टाळायची. दारू पिणारा प्रत्येक माणूस वाईट असतो असं माझं म्हणणं नाही, पण आवाज चढत जातात आणि वेटरचं सगळं लक्ष तिकडे लागतं. रात्रीचं जेवण साडेसात-आठला उरकायचं. तेव्हा कुटुंबं असतात, पोळ्या गरम असतात आणि परतताना दुकानं उघडी असतात. दुपारी मात्र एक ते दोन टाळा. तो नोकरदारांच्या गर्दीचा वेळ. पण अडीचच्या पुढेही ढकलू नका, पुष्कळ खानावळी तीनला चूल बंद करतात.

आत शिरल्यावर वेटरनं विचारायच्या आधी आपणच सांगायचं : "एकच ताट. मी इथे भिंतीजवळ बसते." सांगता सांगता खुर्ची ओढायची. पाठ भिंतीला, तोंड गल्ल्याकडे. बेसिनजवळची आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळची जागा घ्यायची नाही. पर्सचा पट्टा खुर्चीच्या पायात अडकवायचा. मध्येच हात धुवायला उठलात तर "ताट राहू द्या, मी येते आहे" हे मोठ्यानं सांगायचं. एकट्या माणसाचं ताट फार पटकन उचलतात.

फॅमिली रूमबद्दल माझं मत स्पष्ट आहे. प्लायवूडचं पार्टिशन, मळका पडदा, भिंतीवर घरघरणारा पंखा, आणि पहिली पोळी संपल्यावर दुसरी कधी येईल याची वाट बघत बसलेली आपण. पडद्यामागे बसलेल्या बाईकडे वेटरचं लक्ष नसतं, मालकाचं तर नसतंच. एकट्या बाईला तिथे नेण्यामागे त्यांचा हेतू चांगला असतो, हे मी मान्य करते. पण उजेडात आणि मालकाच्या नजरेसमोर बसण्यात जास्त सुरक्षितता आहे. बाहेरच्या हॉलमध्ये बाटल्या दिसल्या तरच आत बसा, किंवा सरळ दुसरं हॉटेल बघा.

लोक बघतात हे खरंच आहे. पण बहुतेक जण ताट येईपर्यंतच बघतात. त्यानंतर ज्याचं त्याला पडलेलं असतं. कोणी उगाच टक लावून बसला तर गल्ल्यावर जाऊन मालकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं, "मला जागा बदलून द्या, तो माणूस बघतोय." मालकाला गिऱ्हाइकांसमोर तमाशा नको असतो, तो लगेच हलतो. बाहेर पडल्यावर कोणी मागे येतंय असं वाटलं तर परत आत जायचं आणि 112 लावायचा.

फोनमध्ये डोकं घालून जेवू नका एवढी मात्र विनंती आहे. कोल्हापुरात एका घरगुती खानावळीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा मालकीणबाई स्वतः वाढत होत्या. ताटात सुकं मटण, वाटीत तांबडा, दुसऱ्या वाटीत पांढरा. पांढऱ्याला खसखस आणि नारळाच्या दुधाचा वास, वर तुपाचे दोन-तीन थेंब. त्या उभ्या राहून बघत होत्या मी आधी कुठली वाटी उचलते ते. मी पांढरा उचलला आणि तोंडाला लावला. "आस्सं!" म्हणाल्या, आणि वाटी खाली ठेवायच्या आत पुन्हा भरली. "भाकरी अर्धी-अर्धी वाढते, गरम खावा. लाजायचं न्हाई हं." मग मी कुठली, कशाला आले, मुलं किती, कर्जाचे कागद करायला बँकेत किती खेटे घालावे लागतात, सगळं बोलणं झालं. शेजारी चार ट्रकवाले जेवत होते. त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही. चारजणींच्या घोळक्यात गेले असते तर मालकीणबाई माझ्याशी एवढं बोलल्या नसत्या.

लातुरात परत आलात की केळी-बिस्किटांचा हा हिशेब नवऱ्याला एकदा नीट सांगा. फिरतीवरच्या बाईनं उपाशी झोपणं ही छोटी गोष्ट नाही.

प्रश्न : वय 68. पत्नीला जाऊन वर्ष झालं. मुलं म्हणतात फिरून या, म्हणून एकटाच मुंबईला आणि पुढे कोकणात जाणार आहे. मी शाकाहारी आहे. हॉटेलात दोघं जायचो तेव्हा मी डोसा मागवायचो, ती उत्तप्पा, आणि अर्धं-अर्धं करायचो. आता समोरची खुर्ची रिकामी दिसते आणि घास उतरत नाही. पाच मिनिटांत उठतो. (एक वाचक, अमरावती)

उत्तर : काका, मग समोरची खुर्ची रिकामी राहणारच नाही अशा ठिकाणी जा. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनला लागूनच, मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, 1942 पासूनचं. जेवायला रांग असते, आणि जागा मिळेल तिथे अनोळखी माणसांच्या शेजारी बसवतात. केळीच्या पानावर वाढतात. सांबार, रस्सम, भाज्या, पुऱ्या, भात. वाढपी सारखा फिरत असतो, शेजारचा माणूस तूप पुढे सरकवतो, आणि आपण आपोआप सावकाश जेवतो. माटुंग्यातच कॅफे मद्रासमध्येही टेबल वाटून घ्यायची पद्धत आहे. परतताना पुण्याला उतरलात तर टिळक रोडवर बादशाही आहे. तिथेही एकेकटी जेवायला येणारी माणसं पुष्कळ. विद्यार्थी, पेन्शनर, कोर्टाच्या कामाला आलेले. तुमच्याकडे वळून बघणारं कोणी नसतं.

डोसा आणि उत्तप्पा काही दिवस राहू द्या. ते तुमच्या दोघांचं होतं. कोकणात तुम्हाला दोघांनी न खाल्लेलं पुष्कळ मिळेल. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी, वालाचं बिरडं, फणसाची भाजी, तांदळाची भाकरी, सोलकढी. मालवणकडे मासे नसलेलं ताट मागितलं तर कोणी नाक मुरडत नाही, सोमवार-गुरुवार पाळणारी घरं तिथेही आहेत. मात्र घरगुती खानावळीत सकाळीच सांगून ठेवावं लागतं : "एक माणूस, शाकाहारी, एक वाजता." हे सांगायला जाल तेव्हाच ओळख होते. दुपारी पोहोचल्यावर घरातलं कोणीतरी तुमची वाट बघत असतं, आणि तुम्हाला सध्या त्याची गरज आहे.

वाढायला येईल त्याला सांगा, "घाई नाही, हळूहळू वाढा." साखरेच्या गोळ्या चालू असतील तर रात्रीचं जेवण अजिबात बुडवू नका. नुसत्या चहावर झोपणं धोक्याचं आहे. घास अडला तर अडू द्या, पाणी प्या, थोडं थांबा. डोळे भरून आले म्हणून पानावरून उठू नका. वाढपी वयस्क असतील तर त्यांनी हे पाहिलेलं असतं. ते ताक आणून ठेवतात आणि विचारत नाहीत.

बिलाचंही सांगते, कारण एकट्या माणसाला तिथे भीड पडते. साध्या हॉटेलात जीएसटी 5 टक्के. 'सर्व्हिस चार्ज' म्हणून आणखी लावला असेल तर तो द्यायची सक्ती नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये तसं स्पष्ट केलं आणि 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. शांतपणे "हा काढून द्या" म्हणायचं. ज्यानं प्रेमानं वाढलं त्याच्या हातात मात्र काहीतरी जरूर ठेवा.

प्रश्न : नाशिक-धुळे रस्त्यावर आमचं हॉटेल आहे. स्वतः गाडी चालवत येणाऱ्या एकट्या महिला आता बऱ्याच असतात. आमची पोरं त्यांना आदरानंच फॅमिली रूममध्ये नेतात, पण काही जणी नाराज होऊन निघून जातात. काय चुकतंय? (एक हॉटेलमालक)

उत्तर : दादा, तुम्ही विचारलंत याचा मला फार आनंद झाला. तुमच्या पोरांना एकच वाक्य शिकवा : "ताई, कुठे बसता?" फॅमिली रूम असू द्या, लहान मूल घेऊन आलेल्या आईला ती लागते. पण निवड बाईला करू द्या. गल्ल्यावरून दिसतील अशी दोन माणसांची छोटी टेबलं भिंतीकडेला टाका, म्हणजे सहा खुर्च्यांचं टेबल अडवल्याचा संकोच तिला वाटणार नाही. गाडी लावायची जागा उजेडात असू द्या. बाथरूमला आतून लागणारी कडी, दिवा आणि पर्स अडकवायला खुंटी एवढं बघाच. बाई तिथून बाहेर येताना ठरवते, परत या हॉटेलात थांबायचं की नाही.

आणि हाफ प्लेट. तुमच्याकडे मागितली तर देत असाल, पण कार्डावर नसते, म्हणून मागायला संकोच वाटतो. शेवभाजी, भरीत, डाळ, सगळ्यांचा हाफचा भाव छापून टाका, आणि बाहेरच्या पाटीवरही लिहा. ती पाटी वाचून गाडी वळवणाऱ्या पुष्कळ जणी आहेत.