'फ्री स्टेट' म्हणजे स्वतंत्र राज्य का?

अमेरिकेच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणताना एका वाचकाने असे वाक्य केले आहे: 'मिसुरी तडजोडीनुसार मेन हे स्वतंत्र राज्य म्हणून, तर मिसुरी हे गुलाम राज्य म्हणून संघात आले.' (ही तडजोड १८२०ची, गुलामगिरी चालणारी आणि न चालणारी अशा अमेरिकेतल्या दोन गटांच्या राज्यांमधली.) 'फ्री स्टेट'ला 'स्वतंत्र राज्य' चालेल की 'मुक्त राज्य' म्हणावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

'स्वतंत्र' तर नकोच. 'फ्री स्टेट' म्हणजे जिथे गुलाम बाळगायला कायद्याने मनाई होती ते राज्य. मराठीत 'स्वतंत्र' म्हटले की समोर 'परतंत्र' उभे राहते. शेजारी 'गुलाम राज्य' आले की मिसुरीवर कुणा परक्याचा अंमल होता असेच वाटणार. 'देश गुलाम होता' हे आपण त्याच अर्थाने म्हणतो ना! मेनच्या बाबतीत आणखी गंमत आहे. १८२०पर्यंत मेन मॅसॅच्युसेट्सचा भाग होता, त्या वर्षी तो वेगळा निघाला. 'स्वतंत्र विदर्भ' ऐकत वाढलेला वाचक 'स्वतंत्र राज्य'चा अर्थ तसाच लावील, आणि तोही खरा असल्यामुळे चूक कुणाच्या ध्यानातच यायची नाही. उलट १८३६ ते १८४५ या काळात टेक्सस खरोखरच स्वतंत्र देश होता, आणि त्याच्या राज्यघटनेत गुलामगिरीला संरक्षण होते.

'मुक्त' थोडे बरे, पण कशापासून मुक्त? 'तंटामुक्त गाव' म्हटले की कळते. त्या चालीवर 'गुलामीमुक्त राज्य' करता येईल, पण मला ते जरा जास्तच उदार वाटते. १८५०च्या कायद्याने पळालेला गुलाम 'फ्री स्टेट'मध्ये सापडला तरी त्याला पकडून मालकाच्या हवाली करायचे होते. ऑरेगन १८५९मध्ये 'फ्री स्टेट' म्हणून संघात आले, तेव्हा त्याच्या राज्यघटनेत गुलामगिरीला बंदी होती आणि नव्याने येणाऱ्या कृष्णवर्णीयांनी तिथे राहण्यालाही बंदी होती. म्हणजे 'फ्री' हे माणसांचे वर्णन नव्हतेच. १८०३च्या लुइझियाना खरेदीनंतर, म्हणजे अमेरिकेने फ्रान्सकडून मोठा मुलूख विकत घेतल्यावर, पश्चिमेकडे राज्यामागून राज्य उभे राहत होते, आणि प्रत्येक नव्या राज्याबरोबर सिनेटमध्ये दोन सदस्य येत होते. १८१९अखेर दोन्ही बाजूंची राज्ये अकरा-अकरा होती. मिसुरीच्या जोडीला मेन आणले ते पारडे झुकू नये म्हणून. 'फ्री' आणि 'स्लेव्ह' या त्या तराजूवरच्या चिठ्ठ्या.

म्हणून मी 'गुलामीबंदीचे राज्य' म्हणेन. 'दारूबंदीचा जिल्हा' आपल्या कानाला सवयीचा आहे: वर्धा, गडचिरोली. कायद्याने बंदी आहे, एवढेच तो शब्द सांगतो. पुढचे कसलेही वचन देत नाही. दुसऱ्या बाजूला मात्र 'गुलामगिरीचे राज्य' नको, त्यातून 'रामराज्य'सारखा भलताच सूर निघतो. 'गुलामगिरीला मुभा असलेले राज्य' लांबते खरे, पण लेखात पहिल्यांदा तसे लिहून पुढे 'मुभा असलेली राज्ये' एवढ्यावर भागेल.

त्यांच्याच लेखात पुढे १८४८चा 'मुक्त भूमी पक्ष' आहे. तिथे 'फ्री सॉइल पक्ष' हे नावच राहू द्यावे आणि नव्या मुलखात गुलामगिरी शिरू देऊ नये असे म्हणणारा पक्ष, एवढा खुलासा जोडावा. 'मुक्त भूमी' वाचून कुणाला भूदान आठवायचे.