रोटरॅक्ट दर दोन वर्षांनी का मावळतो?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी रोटरी क्लबात ३४ सभासद आहेत, बहुतेक साठीच्या आसपासचे. महाविद्यालयात रोटरॅक्ट क्लब (रोटरीचा तरुणांसाठीचा क्लब) दोनदा काढला आणि दोन्ही वेळा दोन वर्षांत बंद पडला. मुलांना रस नाही असं समजायचं का? (क्लब सचिव, सांगली जिल्हा)

उत्तर : रस नसता तर मुलं पहिल्या वर्षीही फिरकली नसती. खोट बहुधा कॅलेंडरात असते. रोटरीचं वर्ष १ जुलै ते ३० जून. जुलैत थाटात पदग्रहण होतं आणि अध्यक्षपद हमखास तृतीय वर्षाच्या हुशार विद्यार्थ्याकडे जातं. मार्चपासून तो परीक्षेत, मे महिन्यात नोकरीसाठी पुण्यात. जूनमध्ये सूत्रं सोपवायला गावात कुणी उरतच नाही. म्हणून अध्यक्ष द्वितीय वर्षातला निवडा. पुढच्या वर्षी तो माजी अध्यक्ष म्हणून नव्या अध्यक्षाच्या हाताशी राहतो. निवडणूक फेब्रुवारीतच उरकून घ्या.

सोपवायच्या वस्तू थोड्याच असतात, पण नेमक्या त्याच हरवतात : पासबुक, पावतीपुस्तक, ईमेल आणि इन्स्टाग्रामचा पासवर्ड, रोटरीच्या संकेतस्थळावरची सभासद यादी. क्लबचा पत्रव्यवहार अध्यक्षाच्या खासगी ईमेलवर चालत असेल तर तो गेला की क्लब मुका होतो. क्लबच्या नावाचा ईमेल काढा आणि त्याला गावातच राहणाऱ्या सल्लागाराचा नंबर जोडा. बँकेत दोघांच्या सह्या ठेवा, त्यातला एकजण तरी पुढची दोन वर्षं हलणार नाही असा.

यादीचं दुखणं वेगळंच. जुलै २०२२ पासून रोटरॅक्ट सभासदांनाही आंतरराष्ट्रीय वर्गणी लागू आहे : महाविद्यालयीन क्लबात माणशी वर्षाला ५ डॉलर, गावपातळीच्या क्लबात ८. यादीत ४० नावं आणि येणारे १४, असं असेल तर महाविद्यालयीन क्लबाला ७० ऐवजी २०० डॉलर भरावे लागतात. मग वर्गणी थकते आणि उत्साह आटतो. जून संपण्याआधी यादी साफ करा.

याहून मोठा उपाय म्हणजे महाविद्यालयाच्या जोडीला गावाचा रोटरॅक्ट काढणं. १९६८ साली अमेरिकेत शार्लट इथे रोटरॅक्ट सुरू झालं. पुढे बराच काळ १८ ते ३० ही वयाची अट होती. २०२० पासून कमाल मर्यादा उरलेली नाही. प्रायोजक रोटरी क्लबही आता सक्तीचा नाही. मेडिकलचं दुकान सांभाळणारी, बँकेत लागलेला, सीएची आर्टिकलशिप करणारा, ही मंडळी परीक्षा संपली म्हणून गाव सोडत नाहीत.

आणि एक कटू गोष्ट. तुमच्या रक्तदान शिबिरात ही मुलं काय करतात? खुर्च्या मांडतात, बॅनर बांधतात, फोटोत मागच्या रांगेत उभी राहतात. शिबिर कुठे, कधी, कितीचं हे आधीच ठरलेलं; त्यांनी फक्त 'मम' म्हणायचं. २०१९ च्या विधान परिषदेत (ही रोटरीची, मुंबईतली नव्हे) रोटरॅक्ट क्लबांना रोटरी इंटरनॅशनलच्या सभासदत्वात स्थान मिळालं. कागदावर ते तुमच्या क्लबाचे पोरगे राहिलेले नाहीत. जुलैतच ठरावीक रक्कम त्यांच्या खात्यावर टाका, समजा २० हजार, आणि हिशेब जूनमध्ये मागा. मधे मागू नका.

प्रश्न : तिशीतले रोटरॅक्टर रोटरीत यायला तयार आहेत, पण खर्च झेपत नाही म्हणतात. (नाशिक)

उत्तर : त्यांना बहुधा वर्गणी नव्हे, जेवण महाग पडतं. हॉटेलातल्या जेवणाचा खर्च वर्गणीत मिसळू नका. चहा-बिस्किटावरही सभा होते. २०१६ पासून क्लबांना सभांची पद्धत आणि सभासदत्वाचे प्रकार बरेचसे आपापल्या उपविधींत ठरवता येतात. महिन्यातून दोन सभा पुरतात. रोटरॅक्ट न सोडता रोटरीचं सभासद होण्याची मुभाही तेव्हापासूनच आहे.

आठजण मिळाले तर सॅटेलाइट क्लब काढा. ते तुमच्याच क्लबाचे सभासद असतात, पण सभा त्यांची, वेळ त्यांची, कार्यकारिणी त्यांची. पुढे २० जण जमले की स्वतंत्र क्लबाचा विचार करता येतो. बुधवारी संध्याकाळी सातची सभा दुकानदाराला आणि आयटीवाल्याला सारखीच गैरसोयीची. रविवारी सकाळी आठ ही वेळ लावून पाहा.

प्रश्न : रोटरॅक्ट क्लबला ग्लोबल ग्रँट (रोटरी फाउंडेशनचं मोठ्या प्रकल्पांसाठीचं अनुदान) थेट मिळते का? (पुणे)

उत्तर : जुलै २०२२ पासून अर्ज करता येतो, पण आधी एखाद्या ग्लोबल ग्रँटवर रोटरी क्लबासोबत काम केलेलं असावं लागतं. शिवाय प्रकल्पाचं किमान अंदाजपत्रक ३० हजार डॉलरचं. दोन शाळांना पाण्याचे फिल्टर बसवायचे असतील तर एवढा व्याप कशाला? प्रायोजक क्लबामार्फत रोटरीच्या प्रांताच्या (डिस्ट्रिक्टच्या) अनुदानासाठी विचारा आणि दुकानदाराचं कोटेशन सोबतच जोडा.