बापाच्या फवारणीचा गर्भाशी काय संबंध?

भाऊ, तुमचं घाटंजी तालुक्यातून आलेलं पत्र वाचलं. पोरगी बारावीला आहे, जीवशास्त्रात हुशार आहे, पण नीट द्यायची नाही म्हणते. बाप ज्या रसायनांत काम करतो त्यांचा गर्भाच्या गुणसूत्रांवर (पेशीतले आनुवंशिक माहितीचे धागे) काय परिणाम होतो, ते तिला शिकायचंय. घरचे हसतात, गर्भ आईच्या पोटात, बापाचा काय संबंध म्हणतात. आणि तुमचा प्रश्न, यात पोट भरेल का?

आधी संबंधाचं. तो आहे, आणि उंदरांवर नीट दाखवलेला आहे. नराला अ‍ॅक्रिलामाइड हे कारखान्यांत वापरलं जाणारं रसायन किंवा कॅन्सरवरची काही औषधं दिली, मादीला काहीच दिलं नाही. तरी फलन झाल्यावर पहिल्याच विभाजनात बापाकडची गुणसूत्रं तुटलेली, भलत्याच जागी जुळलेली दिसली. असे बरेच गर्भ टिकत नाहीत. शुक्रपेशी घडण्याच्या शेवटच्या टप्प्यात स्वतःचा डीएनए दुरुस्त करू शकत नाही. मोडतोड तशीच पुढे जाते आणि दुरुस्ती बीजांडाला करावी लागते. गर्भ पडला की आपल्याकडे बोट सुनेकडे जातं. इथे तर नवऱ्याकडून आलेलं ती निस्तरते. हा परिच्छेद घरी मोठ्यानं वाचा.

मात्र उंदराचं उत्तर आपल्या घराला चिकटवू नका. प्रयोगात डोस मोजून दिलेला असतो, आणि प्रत्येक कीटकनाशक तसंच वागेल असं नाही. माणसांत सुरुवातीच्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांचा दोष सापडतो, पण त्यातला मोठा वाटा बीजांड घडतानाच्या चुकांचा, आईच्या वयानुसार वाढणारा. दुसरीकडे, १९७७ साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे शेतीचं औषध बनवणाऱ्या कामगारांत शुक्राणू फार कमी, काहींत शून्य निघाले होते. माणसाची शुक्रपेशी तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणजे पऱ्हाटीवरच्या फवारणीच्या हंगामात एक अख्खी फेरी होऊन जाते. २०१७ साली आपल्या यवतमाळात फवारणीनं माणसं दगावली, तेव्हा सगळं बोलणं जीव वाचवण्याचं होतं. त्यापुढचा प्रश्न तुमच्या पोरीला पडला, याचं मला कौतुक वाटतं.

आता पोटाचं. रस्ता लांब आहे. बीएस्सी प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान, मग एमएस्सी, मग सीएसआयआर-नेट ही परीक्षा. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली की महिना ३७,००० रुपये आणि पीएचडी. त्याआधीची पाच वर्षं घरातूनच खर्च, हे धरून चाला. बारावीत बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात आली आणि मूलभूत विज्ञानाला गेली, तर इन्स्पायर शिष्यवृत्तीचे वर्षाला ८०,००० मिळू शकतात. पुण्याच्या आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा असते. त्यात गणिताचेही प्रश्न येतात, तिनं गणित सोडलं असेल तर आतापासून बघा. पुढे संशोधनाला मुंबईत प्रजनन आरोग्यावरची आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) संस्था आहे, लखनौला सीएसआयआरची विषशास्त्राची. पीएचडी नको वाटली तर एमएस्सीनंतर गुणसूत्र तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी मिळू शकते, पण ती मोठ्या शहरात.

अमरावतीला कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत पाहू नका. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना बाजूला घेऊन विचारा, मायक्रोस्कोप तुमच्या हातात किती वेळ येतो?