गोरिलांसाठी काम करायचे आहे : एका आईच्या पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार,

अकरावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आपल्या मुलीला आफ्रिकेत जाऊन शिकाऱ्यांपासून गोरिलांना वाचवायचे आहे. हे खूळ कितपत मनावर घ्यावे आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीने जीवशास्त्र सोडून द्यावे का, असे आपण विचारले आहे. ते खूळ आहे असे मला वाटत नाही. मात्र तिच्या मनातले काम आणि तिथे प्रत्यक्ष असलेले काम यांतील फरक तिला आताच कळलेला बरा.

रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्या सीमेवरील विरुंगा पर्वत व युगांडातील ब्विंडीचे जंगल, एवढ्याच प्रदेशात पर्वतीय गोरिला उरले आहेत. 1980 च्या दशकाच्या आरंभी विरुंगात ते जेमतेम 250 होते. आज दोन्हीकडचे मिळून हजाराहून अधिक आहेत. याचे मोठे श्रेय स्थानिक वनरक्षकांचे आहे. एकट्या विरुंगा राष्ट्रीय उद्यानात आजवर 200 हून अधिक वनरक्षकांनी प्राण गमावले आहेत. गस्तीची ती नोकरी त्या त्या देशाच्या नागरिकांची आहे. परदेशी मुलीला ती मिळणार नाही, आणि मिळू नये असेच माझे मत आहे.

तिला वाव आहे तो पशुवैद्यक म्हणून. या गोरिलांना मुद्दाम मारण्याचे प्रकार आता क्वचितच घडतात. परंतु हरणांसारख्या प्राण्यांसाठी वाकवलेल्या बांबूला दोरी किंवा तार बांधून लावलेल्या फासकीत त्यांचे हातपाय सापडतात. पिल्लू जसजसे ओढाताण करते तसतसा फास आवळत जातो, जखम चिघळते आणि प्रसंगी हात गमवावा लागतो. अशा वेळी डार्ट मारून पिल्लाला आणि बहुधा त्याच्या आईलाही बेशुद्ध करायचे, सहकाऱ्यांनी कळपातल्या चंदेरी पाठीच्या नराला थोपवून धरायचे आणि तेवढ्या अवधीत तार कापून जखम साफ करायची, हे काम तिथे 1986 पासून पशुवैद्यकांचे पथक करीत आले आहे. त्यातही आता तिथल्याच डॉक्टरांचा भरणा आहे, त्यामुळे केवळ तळमळीवर कोणी बोलावणार नाही. हाताला अनुभव हवा.

तो अनुभव आपल्याकडे मिळतो. कोकणात रानडुकरांसाठी लावलेल्या फासकीत बिबटे अडकतात, तेव्हा वनविभागाला बेशुद्धीकरण जाणणारा पशुवैद्यक लागतोच.

तेव्हा जीवशास्त्र मुळीच सोडू नये. बारावीनंतर ‘नीट’च्या गुणांवर नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत पशुवैद्यक पदवीला प्रवेश मिळतो, आंतरवासितेसह ही साडेपाच वर्षे आहेत. पुढे वन्यजीव विषयात पदव्युत्तर शिक्षण घेता येईल, आणि काँगोत राजभाषा फ्रेंच असल्याने ती भाषा फावल्या वेळात शिकलेली उपयोगी पडेल. परदेशी जाणे जमले नाही, तरी याच पदवीवर पशुसंवर्धन खात्यात नोकरीची किंवा भारतीय वन सेवेच्या परीक्षेला बसण्याची वाट मोकळी राहते, त्यामुळे उपजीविकेची आपली काळजीही बरीचशी मिटावी. या सुट्टीत तिला जवळच्या पशुचिकित्सालयात जाऊन बसू द्यावे. रक्त, पू आणि दुर्गंधी सोसते का, हे तिचे तिलाच कळेल.