वाचकांचे प्रश्न : मेणवलीच्या घंटेजवळचा फलक

प्रश्न : मेणवलीला कृष्णेच्या घाटावर टांगलेली मोठी घंटा वसईहून आली, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आमच्या मंडळाने तिच्याजवळ माहितीफलक लावायचे ठरवले आहे. ‘चिमाजी अप्पांनी वसई जिंकून ही घंटा येथे आणली’ एवढे एक वाक्य पुरेसे होईल का?
– एक वाचक, वाई (जि. सातारा)

उत्तर : आपल्या मंडळाचा विचार स्तुत्य आहे, मात्र हे वाक्य जसेच्या तसे दगडावर कोरू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. वसईचा किल्ला मे 1739 मध्ये मराठ्यांच्या ताब्यात आला आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1740 मध्ये, चिमाजी अप्पांचे निधन झाले. ज्या नाना फडणवीसांनी मेणवलीचा वाडा आणि घाट बांधला, त्यांचा जन्म 1742 सालचा, तोही साताऱ्यातला. आणि मेणवली गाव त्यांच्याकडे आले ते 1768 च्या सुमारास. म्हणजे घंटा वसईहून निघाल्यापासून या घाटावर टांगली जाईपर्यंत जवळजवळ तीन दशके तरी गेली असली पाहिजेत. त्या काळात ती कोठे होती, हे सांगणारा कागद हाती येत नाही, तोपर्यंत ‘अप्पांनी येथे आणली’ असे लिहिणे योग्य होणार नाही. ‘वसईच्या विजयानंतर मराठ्यांकडे आलेल्या घंटांपैकी एक, असे परंपरेने मानले जाते’ ही शब्दयोजना अधिक प्रामाणिक ठरेल.

फलकाची खरी सुरुवात मात्र घंटेवर जे डोळ्यांना दिसते त्यापासून व्हावी. तिच्यावर 1707 हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मरियेची उठावातील प्रतिमा आहे. चर्चच्या घंटांवरील अशी अक्षरे आणि चित्रे मागाहून कोरलेली नसतात. साच्यातच त्यांचा ठसा घेतला जातो आणि धातू ओतताना ती घंटेबरोबरच आकाराला येतात. त्यामुळे ते साल घंटेच्या जन्माचे आहे, युद्धाचे नाही. वसईवर 1534 पासून पोर्तुगिजांचा अंमल होता. 1737 मध्ये मराठ्यांची मोहीम सुरू झाली तेव्हा ही घंटा तीस वर्षे वाजत आलेली होती. कोणाच्या तरी लग्नाला, कोणाच्या तरी अंत्यविधीला तिचा नाद तेथील लोकांनी ऐकला असेल. ही बाजू फलकावर यावी असे मला मनापासून वाटते, कारण वसई परिसरात मराठी बोलणारा मोठा ख्रिस्ती समाज आजही नांदतो, आणि त्यांच्यापैकी कोणी मेणवलीला आले तर तो मजकूर त्यांनाही आपला वाटला पाहिजे. विजयाचा अभिमान व्यक्त करताना ‘लूट’, ‘हिसकावून घेतली’ असे शब्द वापरण्याची काहीही गरज नाही.

नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील आणि भीमाशंकरच्या घंटेबद्दलही वसईची हीच परंपरा सांगितली जाते. त्यांचा उल्लेख एका ओळीत करावा, म्हणजे आपली घंटा एकटी नाही हे पाहणाऱ्याला कळेल. नानांचे भानू घराणे कोकणातल्या वेळासचे, हेही लिहावे. देशावरच्या या गावाचा समुद्राशी असलेला संबंध घंटेपुरताच नाही.

धातूविषयी मात्र जपून लिहावे. ‘पंचधातूची घंटा’ असे सर्रास सांगितले जाते. परंतु युरोपीय पद्धतीच्या घंटा सामान्यतः तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाच्या असतात, आणि तपासणी झाल्याशिवाय धातू नक्की सांगता येत नाही. घंटा चिंचेने किंवा बाजारातल्या पावडरीने घासून चकचकीत करू नये, प्रतिमेला शेंदूर किंवा रंग लावू नये. जागेची मालकी व देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांची लेखी परवानगी घेऊन फलक स्वतंत्र खांबावर, पुराच्या पाण्यापासून उंच उभारावा. घाटाच्या दगडात खिळे ठोकू नयेत.

प्रश्न : आमच्या भागात गावोगाव वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव शिळा) दिसतात. किनाऱ्यावरही असे वीरगळ आहेत का?
– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : होय. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळ सर्वांत प्रसिद्ध आहेत. आपल्याकडील वीरगळांवर घोडेस्वार, पायदळ किंवा गाईंसाठी झालेली झुंज दिसते. तेथे वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबते एकमेकांवर चालून जाताना कोरली आहेत. वर, नेहमीप्रमाणे, अप्सरा आणि शिवलिंगाची पूजा आहेच. वाचता येईल असा लेख त्यांवर उरलेला नसल्याने काळाविषयी मतभेद आहेत. अनेक अभ्यासक त्यांचा संबंध तेराव्या शतकात यादव राजा महादेव आणि कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात झालेल्या आरमारी लढाईशी जोडतात. पाहायला जाल तेव्हा खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीकडे पाहत जावे. गलबतांवरची माणसे बारीक कोरलेली आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात ती अधिक स्पष्ट दिसतात.