कथाकट्टा : चादरीची भयकथा कुठे सुटली?

प्रश्न : आमच्या कथाकथन मंडळात दर अमावस्येला एकजण भयकथा सांगतो. माझी कथा अशी : पूर्व भागातला बंद कारखाना, वीज तोडलेली. मध्यरात्री यंत्रमाग आपोआप सुरू होतो. सकाळी त्यावर चादर विणलेली, चादरीवर मेलेल्या विणकराचा चेहरा. शेवटी तो विणकर लाल डोळ्यांनी किंचाळत उठतो. तिथे सगळे हसले. काय चुकलं?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : हसू शेवटी फुटलं, पण कथा बरीच आधी सुटली होती. सोलापुरातल्या बैठकीत दोघंतिघं तरी मागाच्या खटखटीत वाढलेले असतात. वीज नाही तर मोटर फिरली कशी, ही शंका त्यांच्या मनात आली की भीती गेली. म्हणून वीज चालूच ठेवा, फक्त कारखान्याला बाहेरून कुलूप असू द्या.

तुमच्या कथेतली खरी भीती कांडीत, म्हणजे आडव्या धाग्याचं सूत गुंडाळलेल्या छोट्या नळीत आहे आणि तुम्ही तिला हातच लावला नाहीत. साध्या यंत्रमागावर धोट्यातली, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्यातली कांडी काही मिनिटांत रिकामी होते. चादरीचं सूत जाड, त्यामुळे आणखी लवकर. ती हातानेच बदलावी लागते. म्हणजे माग रात्रभर चालला असेल, तर आत कुणीतरी रात्रभर कांड्या बदलत होतं. हे वाक्य मात्र तोंडाने म्हणू नका. आवाज थांबतो, जरा वेळाने पुन्हा सुरू होतो, परत थांबतो, एवढंच सांगा. सकाळी मागाखाली रिकाम्या कांड्यांचा ढीग दाखवा. हिशोब श्रोते करतील.

चेहऱ्याचंही तेच. जॅकार्डच्या, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षीयंत्राच्या चादरीवरची नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांवरच्या भोकांप्रमाणे उमटते, साधारणपणे एका आडव्या धाग्याला एक कार्ड. चेहरा हवा तर आधी कुणीतरी भोकं पाडलेली असली पाहिजेत. तेव्हा नायकाला अगोदर कार्डांची नवी कोरी माळ दिसू द्या, चादर नंतर. आणि चेहरा विणकराचा नको, नायकाचाच करा. तोही हनुवटीपासून नाकापर्यंतच विणून झालेला. माळेत कार्डं अजून शिल्लक आहेत. तिथेच थांबा. प्रेत उठवायची गरजच उरत नाही.

प्रश्न : माझ्या कथेत मे महिन्यात रात्री दहाला मेलेला माणूस सकाळी सहाला सापडतो. उचलताना त्याची मान लटकते, नखं वाढलेली दिसतात. हे चालेल का?

उत्तर : दोन्ही चालणार नाही. मृत्यूनंतर २ ते ४ तासांत जबडा आणि मान ताठ होऊ लागतात, १२ तासांच्या आसपास सगळं शरीर ताठरतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे आणखी लवकर घडतं. आठ तासांनी मान लटकणार नाही. ‘हात उचलायला गेलो तर खांदाही बरोबर वर आला’ हे वाक्य लटकत्या मानेपेक्षा जास्त बोचतं. नखं मेल्यावर वाढत नाहीत, भोवतीची कातडी सुकून मागे सरते म्हणून लांब वाटतात.

आणखी एक गोष्ट वापरा. रक्त शरीराच्या खालच्या बाजूला उतरून तिथे जांभळट डाग पडतात आणि ८ ते १२ तासांत ते पक्के होतात. त्यासाठी प्रेत सकाळी सहाऐवजी दुपारी सापडू द्या. माणूस पालथा पडलेला आहे, डाग मात्र पाठीवर. म्हणजे कुलूपबंद खोलीत त्याला नंतर कुणीतरी पालथं केलं. वैद्यकीय शब्द एकही वापरू नका, नुसते डाग सांगा.

प्रश्न : कथा किती लांब असावी? दिवे घालवावेत का?

उत्तर : १० मिनिटं, म्हणजे लिहून सुमारे १,१०० ते १,२०० शब्द. पूर्ण अंधार नको, श्रोत्यांना सांगणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे. मागे एक मंद दिवा पुरतो. मेणबत्ती पंख्याने फडफडते आणि लक्ष तिच्याकडे जातं. उकाड्यात पंखा सुरुवातीपासून बंद ठेवलात तर लोक वारा घेत बसतील. शेवटच्या दोन मिनिटांआधी कुणाला तरी तो हळूच बंद करायला सांगा. घरघर थांबली की खोली आपोआप गप्प होते. शेवटच्या वाक्याआधी मनात तीन आकडे मोजा आणि ते वाक्य आवाज न चढवता, आधीच्याच सुरात म्हणा.